अत्यंत काळजीपूर्वक घेतलेला नमुना

वरच्या मजल्यावरच्या गीझरने मान टाकली तेव्हा निरीक्षकांच्या अंगाला साबण फासून झालेला होता. सगळे आंघोळी उरकून निवांत बसलेत, अशा वेळी गीझर कधी मरत नाही. माणूस निम्मा ओला झाला की मगच त्याला मरण येतं, आणि याबद्दल निरीक्षकांच्या मनात जुना राग होता. आधी आतून पातेलं खरवडल्यासारखा आवाज आला. मग नळातून तीन-चार पांढरे खडे पडले, मग हाडं गोठवणारं पाणी आलं आणि मग काहीच आलं नाही. टॉवेल गुंडाळून, साबण सांभाळत ते जिना उतरून खालच्या न्हाणीघराशी आले, तर दारात त्यांचे वडील, अण्णा, हातात रिकामी बादली घेऊन उभे होते. खालचा गीझर आदल्या दिवसापासून गळत होता आणि आता तोही थंड पडला होता.

"एकाच दिवशी दोन्ही," निरीक्षक म्हणाले. "हा कट आहे."

त्या घरातला हा सहावा आणि सातवा गीझर. आधीचे पाच गच्चीवर होते. निरीक्षकांच्या बायकोने ते मधोमध कापून घेऊन त्यात गुलाब लावले होते आणि पाहुणे त्या बागेचं फार कौतुक करत. दरवेळी कौतुक झालं की निरीक्षकांना पाच कंपन्यांची पाच हमीपत्रं आठवत आणि चहा कडू लागे.

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. गेली सव्वीस वर्षं ते पोकळ वजनं, खोट्या तळाची मापं आणि काटा अंगठ्याने दाबणारे दुकानदार पकडत आले होते. तपासणीला येणार म्हणून आधीच माल साफसूफ करून ठेवणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्यांनी असा काही धडा शिकवला होता की तो पुढे शिवणयंत्रं दुरुस्त करू लागला. असा माणूस स्वतःच्या न्हाणीघरात फसावा, तेही सात वेळा, ही गोष्ट त्यांना अंगावर साबण वाळत असताना विशेष झोंबली.

आता विहिरीबद्दल सांगायला हवं, कारण या घरात प्रत्येक गोष्ट शेवटी विहिरीपाशी येते. अण्णा शाळेत विज्ञान शिकवत आणि गरज पडली तर कवायतही घेत. बेचाळीस वर्षांपूर्वी, अख्खी गल्ली टँकरपुढे हंडे लावून भांडत असताना, त्यांनी परसात विहीर खोदायला घेतली. चाळीस फुटांवर खडक लागला तेव्हा लोक हसले. बावन्न फुटांवर पाणी लागलं तेव्हा तेच लोक कळशा घेऊन आले. त्या दिवशी नऊ वर्षांचे निरीक्षक तांब्या भरभरून गल्लीत घरोघरी पाणी वाटत फिरले होते. तेव्हापासून विहिरीला नावं ठेवणारा माणूस म्हणजे अण्णांना नावं ठेवणारा माणूस, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पुढे विहिरीवर पंप बसला, तिचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून घरभर फिरू लागलं आणि मग गल्लीत नगरपालिकेचे नळ आले. नळखात्याचा माणूस अर्ज घेऊन दारात आला, तेव्हा निरीक्षकांनी त्याला आत ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं होतं, की अण्णांच्या हयातीत या घरात नळ येणार नाही. आतल्या खोलीतून अण्णा काही बोलले नव्हते. त्यांना गहिवरून आलं असणार, असं निरीक्षकांनी धरलं.

एक खरं, की त्या घरात साबणाला फेस येत नसे. पण तो दोष साबणाचा, हे निरीक्षकांनी चार साबण कंपन्यांना पत्राने कळवलं होतं. एका कंपनीने उलट टपाली विचारलं, की आपल्याकडे पाणी कुठलं आहे. ते पत्र त्यांनी 'अपमान' नावाच्या फायलीत लावून ठेवलं. चहावर तवंग येई, तो चहापत्तीमुळे. बादल्यांना आतून पांढरं पुट चढे, ते हल्ली बादल्याच तशा येतात म्हणून.

दोन गीझर मेल्याची बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. डावीकडच्या घरात एक गृहस्थ राहत, ज्यांचं नाव निरीक्षकांच्या बायकोने सर्वज्ञ ठेवलं होतं. ते हातात एक लोहचुंबक घेऊनच आले. तो पाइपाला सुतळीने बांधला की पाण्यातले क्षार घाबरून सरळ होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने, टाकीत बटाटे सोडा, असं सुचवलं. बटाटे किती दिवसांनी काढायचे, हे विचारल्यावर त्याने मशीन सुरू केलं. उजवीकडच्या काकू मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त भिंतीवरून निरीक्षकांच्या बायकोकडे पाहिलं आणि बायकोने घाईघाईने कपडे वाळत घालायला घेतले.

शेवटी प्लंबर आला. हा या घरचा जुना माणूस. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसा तो आधी पाइपावर पाना वाजवायचा, कान लावायचा आणि मगच बोलायचा. त्याने पाना वाजवला, कान लावला आणि म्हणाला, "साहेब, गीझर कुठलाही घ्या, पण आधी पाणी तपासून घ्या. तुमचं पाणी जड आहे."

"जड?" निरीक्षक म्हणाले. "एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं. ते ना जड असतं ना हलकं. मी वजनमापे खात्यात आहे."

प्लंबरने पाना पिशवीत टाकला. वाद घालायचा नसला की तो पाना पिशवीत टाकतो, हे निरीक्षकांना माहीत होतं आणि त्याचाच त्यांना जास्त राग यायचा.

दुकानात गेले तर तिथेही तेच. दुकानदाराने पहिला प्रश्न केला, पाणी नळाचं की विहिरीचं. विहिरीचं म्हटल्यावर त्याने दिव्यांचे, आकड्यांचे, चकचकीत गीझर बाजूला सारले आणि कोपऱ्यातून एक ठेंगणं, करड्या रंगाचं पिंप पुढे केलं. यात जाड कांडी असते, म्हणाला, पाण्याने टाकी खाण्याऐवजी ही कांडी खावी अशी सोय. शिवाय पाणी मऊ करणारं एक यंत्र लागेल आणि दर सहा महिन्यांनी टाकी उघडून धुवावी लागेल. आजाऱ्याची पथ्यं सांगावीत तसं तो सांगत होता. चकचकीत गीझर हवाच असेल तर पाण्याचा सरकारी रिपोर्ट आणा, नाहीतर हमी मिळणार नाही.

निरीक्षकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रिपोर्ट हवा ना? आणतो. शिक्क्यानिशी आणतो," असं सांगून ते दुकानाची पायरी उतरले.

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या कारकुनाने पहिली बाटली परत केली, कारण तिच्यावर सरबताची चिठ्ठी होती. दुसरी परत केली, कारण बूच पत्र्याचं होतं. अर्ज दोन प्रतींत हवा होता. निरीक्षकांनी सवयीने तीन नेल्या होत्या. तिसरीचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा कारकून म्हणाला की तिसरी मी मागितलीच नाही, पण आणली आहेत तर ठेवून घेतो. स्वतः सव्वीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागावं, याचं दुःख निरीक्षकांनी घरी येऊन सविस्तर सांगितलं.

खरा नमुना घ्यायची वेळ आली तेव्हा अण्णा काठी टेकत परसात आले. त्यांचे गुडघे धरले होते. डॉक्टरांनी रोज सकाळी गरम पाण्याने शेकायला सांगितलं होतं, म्हणून तर गीझरची एवढी निकड.

"बाळ," अण्णा म्हणाले, "सरकारी ठिकाणी असंच बादलीतलं पाणी पाठवतोस? विहिरीत पानं पडतात. एखादा जंतू निघायचा. चांगलं उकळून घे."

निरीक्षकांना एकदम भरून आलं. ऐंशी वर्षांचा माणूस, पण विहिरीच्या अब्रूची काळजी किती! त्यांनी मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं, वीस मिनिटं घड्याळ लावून खळखळा उकळलं, झाकून निवू दिलं आणि वरचं नितळ पाणी चौपदरी फडक्यातून गाळून बाटलीत भरलं. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसला होता, तो बायकोने काथ्याने घासून काढला. अर्जात एक रकाना होता, 'नमुना घेण्याची पद्धत'. तिथे निरीक्षकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अत्यंत काळजीपूर्वक'.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. पाणी सुफेन, म्हणजे साबणाला भरपूर फेस येईल असं. निरीक्षकांनी त्या रिपोर्टला काचेची चौकट करून घेतली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी दिवाणखान्यात लावली. सर्वज्ञांना मुद्दाम चहाला बोलावून तिच्यासमोर बसवलं. प्लंबरने रिपोर्ट पाहिला, मग स्वयंपाकघरातल्या नळाच्या पांढऱ्या तोटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "कागदावर आहे तर असेल."

निरीक्षकांनी दोन चकचकीत गीझर घेतले. पाणी किती तापलं याचे आकडे त्यांच्या पोटावर उमटत. आपण यात जड पाणी घालणार नाही, अशा कागदावर त्यांनी छाती पुढे काढून सही केली. निघताना अण्णांनी हळूच विचारलं होतं, की तो जाड कांडीवाला घेतला तर काय बिघडेल, असू दे म्हणावं, आपलं असंच. निरीक्षक म्हणाले, अण्णा, तुमच्या विहिरीचा अपमान माझ्या हातून होणार नाही. अण्णांनी चष्मा पुसायला घेतला.

चार महिने आणि अकरा दिवस ते गीझर चालले. मग वरच्याच्या पोटावर आकड्याऐवजी एक आडवी रेघ उमटली आणि दुसऱ्या दिवशी खालच्याने तिला साथ दिली.

पुन्हा शेगडीवर पातेली चढू लागली. निरीक्षक सकाळी उकळतं पाणी दोन फडक्यांत धरून न्हाणीघरात नेत आणि वाटेत दाराला, पायपुसण्याला आणि कंपनीला शिव्या घालत. कंपनीच्या फोनवर एक बाई आधी एक दाबा म्हणे, मग चार दाबा म्हणे आणि मग गाणं लावून निघून जाई. एके सकाळी निरीक्षक याच गाण्यात अडकलेले असताना अण्णांनी मुलाला कशाला त्रास, म्हणून स्वतःच पातेलं उचललं. गुडघ्याने दगा दिला आणि पाणी पावलावर सांडलं. फोड फार मोठा नव्हता, पण अण्णा ओठ घट्ट मिटून बसलेले पाहून निरीक्षकांनी गाणं चालू असतानाच फोन ठेवून दिला. त्या क्षणी त्यांनी ठरवलं, आता आकाशपाताळ एक करायचं. या कंपनीला सोडायचं नाही.

त्यांनी पोच मागून पत्र पाठवलं. त्याची भाषा अशी होती, की चौथ्या दिवशी कंपनीची तपासणी अधिकारी हजर झाली. शांत चेहऱ्याची, चाळिशीची बाई, हातात अवजारांची पेटी. प्लंबर आला. सर्वज्ञ न बोलावता आले, खिशात चुंबक होताच. काकू भिंतीपलीकडे काहीतरी निवडत उभ्या राहिल्या. गीझर परसात उतरवला, प्लंबरने बूड उघडलं आणि टाकी उलटी केली. धडधड आवाज करत पांढरे दगड बाहेर पडले. एक बादली भरली. मग दुसरी आणावी लागली.

"हे तुमच्या गीझरमध्ये कुठून आलं, हे मला तुम्ही सांगायचं," निरीक्षक बाईंना म्हणाले, आणि दिवाणखान्यातून चौकट काढून आणली. "हा पाण्याचा रिपोर्ट. शिक्का पाहा."

बाईंनी शिक्का पाहिला. चौकट उलटली. मागे अर्जाची प्रत निरीक्षकांनीच डकवलेली होती. ती त्यांनी सावकाश वाचली आणि विचारलं, "अत्यंत काळजीपूर्वक, म्हणजे नमुना कसा घेतलात?"

असा प्रश्न कोणीतरी विचारावा, याची निरीक्षक कितीतरी महिने वाट पाहत होते. त्यांनी पातेलं, वीस मिनिटं, घड्याळ, चौपदरी फडकं, सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर प्लंबर गच्चीवरच्या गुलाबांकडे बघू लागला.

"उकळलंत," बाई म्हणाल्या.

"वीस मिनिटं."

"आणि पातेल्याच्या तळाशी जे बसलं, ते?"

"ते फेकलं. घाण होती ती."

"साहेब, तेच तपासायचं होतं," बाई म्हणाल्या. आवाजात कुचेष्टा नव्हती, त्यामुळे तर जास्त लागलं. "उकळलं की यातला बराचसा क्षार खाली बसतो. शाळेत नववीला असतं हे."

त्यांनी कागदावर हमी रद्द असं लिहिलं, सही घेतली आणि जाताना अण्णांच्या पायाची चौकशी केली. निरीक्षक दोन बादल्यांच्या मध्ये उभे राहिले. तपासणीआधी माल साफ करून ठेवणाऱ्या त्या व्यापाऱ्याचा चेहरा त्यांना आठवला. तो तेव्हा म्हणाला होता, साहेब, मी चांगल्या मनानं केलं हो. निरीक्षकांना संताप आला. अर्जावर कुठे छापलंय नमुना उकळू नये म्हणून? एका ओळीत छापता येत नव्हतं? सरकारी शाई एवढी महाग झाली?

पण या संतापाखाली दुसरीच भीती होती. अण्णांना काय सांगायचं? ज्या विहिरीवर त्या माणसाने उमेदीची वर्षं घातली, तिचं पाणी खराब आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पायरीपासून अण्णांच्या खोलीपर्यंतच्या वाटेत त्यांनी एक कथा जुळवली. अण्णा पाय स्टुलावर ठेवून बसले होते.

"अण्णा, कंपनी लबाड निघाली," निरीक्षक म्हणाले. "टाक्यांतच खडे भरून विकतात. पाण्याचा काही संबंध नाही."

"कंपनी नाही रे," अण्णा म्हणाले. "लबाडी माझी आहे. उकळून घे, असं मीच सांगितलं ना तुला?"

"तुम्ही जंतूंसाठी सांगितलंत."

"बत्तीस वर्षं मी नववीला शिकवलं, की पाणी उकळलं म्हणजे त्यातली दुष्फेनता खाली बसते. तूही माझ्याच वर्गात होतास, बाळ. तिसऱ्या बाकावर. खिडकीबाहेर बघत असायचास."

अण्णांनी उशाजवळच्या जाड शब्दकोशातून एक पिवळा पडलेला कागद काढला. बेचाळीस वर्षांपूर्वीचा रिपोर्ट होता. पिण्यास योग्य, अतिशय दुष्फेन. विहिरीला पाणी लागल्याच्या महिन्यातलीच तारीख.

निरीक्षकांनी तो दोनदा वाचला. "मग मला सांगितलं का नाही?"

"तू तांब्या घेऊन अख्खी गल्ली पालथी घातलीस. परत आलास तेव्हा सगळा शर्ट ओला होता आणि सगळ्यांना सांगत होतास, माझ्या अण्णांचं पाणी. कोणाची जीभ रेटली असती? म्हटलं, थोडा मोठा झाला की सांगू. मग तू एकदम इतका मोठा झालास, की सांगायची सोयच राहिली नाही." अण्णांनी स्टुलावरचा पाय सावरला. "नळवाला आला होता ना, तेव्हा मी आत पायात चपला घालत होतो, त्याला हो म्हणायला. तेवढ्यात तू दारात गरजलास."

"मी तुमच्यासाठी गरजलो."

"माहीत आहे. म्हणून तर चपला काढून ठेवल्या."

निरीक्षकांनी पिवळ्या कागदाची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. आता रडायचं की रागवायचं, याचा निर्णय व्हायच्या आत स्वयंपाकघरातून बायको आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "आता निघालंच आहे तर माझंही ऐका." गेली अकरा वर्षं ती आणि मुलगी काकूंच्या नळाच्या पाण्याने केस धूत होत्या. स्वयंपाकाचं आणि पिण्याचं पाणी रोज सकाळी निरीक्षक कचेरीत गेले, की भिंतीवरून येत होतं. अण्णांचा दुपारचा चहासुद्धा त्याच पाण्याचा.

"म्हणजे," निरीक्षक म्हणाले, आणि त्यांचा आवाज परसापर्यंत गेला, "या घरात विहिरीचं पाणी पीत तरी कोण होतं?"

सगळ्यांनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि गुलाब," बायको म्हणाली.

पुढचे तीन दिवस निरीक्षक 'अपमान' नावाची फाइल चाळत बसले. चौथ्या दिवशी त्यांनी तीन कागद लिहिले. पहिला नळखात्याला, जोडणी मिळावी म्हणून. दुसरा दुकानदाराला, जाड कांडीवाले दोन करडे गीझर राखून ठेवावेत म्हणून, कारण आता नळाच्याही पाण्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. तिसरा प्रयोगशाळेला, चांगला चार पानी. एका ओळीअभावी नागरिकाची कशी मानहानी होते, याचं त्यात कलमवार वर्णन होतं. महिन्याभराने प्रयोगशाळेने नवा अर्ज पाठवला. तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं, 'नमुना उकळू अथवा गाळू नये'. निरीक्षकांनी तो जुन्या रिपोर्टच्या जागी चौकटीत बसवला.

नळ आला त्या दिवशी सर्वज्ञ, शिंपी, काकू, सगळे परसात जमले. आपण हे आधीच सांगितलं होतं, असं प्रत्येकाचं मत होतं. नळखात्याच्या माणसाने चावी फिरवली, नळ दोनदा खाकरला आणि पाणी आलं. अण्णांचा पाय बरा झाला होता. ते काठी टेकत पुढे आले, तांब्या भरला आणि निरीक्षकांच्या हातात दिला.

"जा," अण्णा म्हणाले. "गल्लीत वाटून ये."

सगळे हसले. निरीक्षकांनी सगळ्यांकडे कडक नजरेने पाहिलं, तांब्या तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"याला काही चवच नाही," ते म्हणाले. उरलेलं पाणी त्यांनी परसात नव्यानेच कापलेल्या गीझरमधल्या गुलाबाला ओतलं, तरातरा विहिरीवर गेले, पोहरा सोडला, तांब्या काठोकाठ भरला आणि तिथेच उभ्याने अर्धा प्याले. पाणी खारट होतं. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात ते त्यांना पहिल्यांदा खारट लागलं.

"अण्णा, खारट आहे हो," ते तिथूनच म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून," अण्णा म्हणाले. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि हात पुढे केला. "उरलेलं इकडे आण."